आधी मोजून पाहा!

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात संमत केला, तेव्हा अनेक घरांतून सुटकेचा निःश्वास टाकला गेला. त्या कायद्याचे आम्ही स्वागतच करतो. तथापि कायदा झाला म्हणजे जुगार संपला, अशा भ्रमात कोणी राहू नये. मुंबई इलाख्यात जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ साली झाला. आणि मटका जन्मास आला तो त्यानंतर पाऊणशे वर्षांनी! कायद्याची भिंत उंच झाली की जुगार तिच्या पायाखालून बीळ पाडतो, हा आजवरचा अनुभव आहे. म्हणून पोलिसांच्या छाप्यांचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून एका निराळ्याच प्रश्नाकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. तो प्रश्न हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब तपासण्याचा आहे.

आपल्याच जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके घ्या. एकीकडे घोड, दुसरीकडे भीमा; शेतात ऊस आणि कांदा; रांजणगाव व कुरकुंभ येथे कारखाने; दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन. उसाचे बिल किंवा महिन्याचा पगार हाती येणारा तरुण येथे आहे, आणि त्याच्या खिशात मोबाइलही आहे. पूर्वी आकडा लावावयाचा तर टपरीपर्यंत जावे लागे, चारचौघांची नजर चुकवावी लागे. आता बांधावर बसल्या बसल्या, घरच्यांना पत्ता लागू न देता, पैसा लावता येतो. बुकीच्या चिठ्ठीची जागा संगणकाच्या प्रोग्रॅमने घेतली आहे. कोणाला किती द्यावयाचे हे तो ठरवितो. तो हिशेब बरोबर करतो की चूक, प्रामाणिकपणे करतो की लबाडीने, हे तो तरुण विचारीत नाही. आणि विचारले तरी त्याला उत्तर देण्यास कोणी बांधलेला नाही.

मटक्याचेच उदाहरण घेऊ. कारण त्याचा हिशेब निदान कागदावर मांडता येतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा चाले. १९६१ साली तो मार्ग बंद झाला आणि १९६२ साली कल्याणजी भगत यांनी व १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. शून्य ते नऊ यांतून तीन अंक काढावयाचे, ते क्रमाने मांडून ‘पत्ती’ करावयाची, त्यांच्या बेरजेतला शेवटचा अंक हा ‘आकडा’. आकड्याला रुपयास नऊ रुपये आणि ओपन-क्लोजच्या जोडीला रुपयास नव्वद, असा रूढ भाव धरू. आकडा लागण्याचा संभव दहांत एक, जोडी लागण्याचा शंभरांत एक. म्हणजे दोन्हीकडे सरासरीने रुपयाचे नव्वद पैसे परत येतात. यालाच गणिती अपेक्षित परतावा म्हणतात. दहाच पैसे गेले, असे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. परत आलेलेच पैसे पुनःपुन्हा लावले, तर दहा खेळ्यांअखेर त्या रुपयाचे सरासरीने पस्तीसच पैसे उरतात.

आता हाच हिशेब संगणकाकडून करवून घेऊ, म्हणजे चूक कशी दबा धरून बसते ते ध्यानी येईल. एकूण पत्त्या होतात २२०. तिन्ही अंक भिन्न असलेल्या १२०, दोन अंक सारखे असलेल्या ९० आणि तिन्ही सारखे असलेल्या १०. प्रोग्रॅम लिहिणारा घाईत म्हणतो, पत्त्या २२० आहेत, तेव्हा प्रत्येकीचा संभव २२० त एक. येथेच घात होतो! प्रत्येक अंक स्वतंत्रपणे निघतो असे धरले, तर निकाल होऊ शकतात एक हजार. त्यांत १-२-३ ही पत्ती सहा प्रकारांनी येते, १-२-२ तीन प्रकारांनी, आणि २-२-२ मात्र एकाच प्रकाराने. तिन्ही सारख्या अंकांच्या पत्तीला, समजा, रुपयास सहाशेचा भाव आहे. खरा हिशेब सांगतो की रुपयाचे साठ पैसे परत येतात. चुकलेला प्रोग्रॅम सांगतो की रुपयाचे जवळजवळ पावणेतीन रुपये होतात! एक खड्ड्याची पाटी लावतो, दुसरा त्याच खड्ड्यावर सोन्याची खाण म्हणून पाटी लावतो. उद्या ‘अंदाज’ विकणाऱ्या एखाद्याने असला प्रोग्रॅम मोबाइलवर चढविला, तर त्यावर विसंबणाऱ्याच्या घराची काय वाट लागेल, हे सांगावयास पाहिजे काय?

याहून सावध करणारी गोष्ट पुढेच आहे. हा चुकलेला प्रोग्रॅम वरवरच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. सर्व संभवांची बेरीज एक येते काय? येते. प्रत्येक आकड्याचा संभव दहांत एक येतो काय? तोही येतो, कारण प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर २२ पत्त्या आहेत. एकेरीचा परतावा नव्वद पैसे येतो काय? अगदी बरोबर येतो! तीन उत्तरे बरोबर आली म्हणून चौथे बरोबर असेल, असे मानणारा परीक्षक फसला. एक हजार निकाल एकामागून एक मांडून, ते मोजून, प्रोग्रॅमच्या उत्तराशी ताडून पाहिले तरच चोर सापडतो. ही चूक अडाण्यांचीच असते असेही नाही. दोनदा नाणे उडविले असता निदान एकदा छाप पडण्याचा संभव चारांत तीन आहे. परंतु द’अलाँबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली तो तिनांत दोन असल्याचे प्रतिपादन केले. त्याच्याही हातून असमान गोष्टी समान मानल्या गेल्या. जेथे असा पंडित घसरला, तेथे आम्ही-तुम्ही प्रोग्रॅमवर आंधळा विश्वास ठेवावा हे शहाणपणाचे नव्हे.

आणि हिशेब बिनचूक असला, तरी नियत साफ असेलच असे नाही. अमेरिकेतील आयोवा येथे, अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालविणाऱ्या संघटनेत एडी टिप्टन हा संगणक-सुरक्षेचा प्रमुख होता. अंक काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याने अशी मेख मारून ठेवली होती की वर्षातील तीन ठराविक तारखांना निघणारे अंक त्याला आधीच हेरता यावेत. इतर दिवशी यंत्र सरळ चाले; म्हणून तपासणाऱ्यांना काही दिसले नाही. अखेर २०१७ साली त्याला पंचवीस वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा झाली. कुंपणच शेत खाऊ लागले तर ते असे! तेव्हा उत्तरे ताडून पाहणे पुरेसे नाही. प्रोग्रॅमची ओळ न् ओळ त्रयस्थाने वाचली पाहिजे आणि तपासलेला प्रोग्रॅमच प्रत्यक्ष चालतो आहे, याचीही खातरजमा झाली पाहिजे.

यावर कोणी म्हणतील, “मुलांना मटक्याचे गणित शिकवावयाचे? मग ती मटकाच खेळतील!” या भीतीचे उत्तर आमच्या पूर्वजांनी कधीच देऊन ठेवले आहे. वनपर्वातील नळराजा द्यूतात राज्य हरला आणि सारथी होऊन ऋतुपर्णाच्या पदरी राहिला. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाची पाने व फळे किती, ते नुसत्या दृष्टिक्षेपाने सांगितले. आणि बेहड्याची फळे म्हणजेच त्या काळचे फासे! नळाने काय केले? त्याने राजाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. घाई असतानाही रथ थांबविला आणि स्वतः मोजून पाहिले. संख्या जुळल्यावरच त्याने ती विद्या मागून घेतली. आणि ती प्राप्त होताच त्याच्या देहात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडला. जुगाराचे वेड जुगाराच्या अज्ञानावर पोसले जाते, ज्ञानावर नव्हे, हे याहून स्वच्छ शब्दांत कोणी सांगावे?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. १९६९ साली सुरू झालेली राज्याची लॉटरी असो की पुण्याच्या रेसकोर्सवरील टोट असो, कायद्याने चालणाऱ्या प्रत्येक खेळात रुपयामागे सरासरीने किती पैसे परत येतात, हे मराठीत, ठळक अक्षरांत छापले जावे. हा हिशेब करणारे प्रोग्रॅम सरकारने त्रयस्थ गणितज्ञांकडून तपासून घ्यावेत आणि तपासणीचा अहवाल लोकांपुढे ठेवावा. औषधाच्या बाटलीवर घटक छापण्याची सक्ती करणाऱ्या शासनाला हे जड जाऊ नये.

परंतु सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतून संगणक शिकणाऱ्या मुलांनी हजार निकालांचा हा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहावा, हाताने मोजून तपासावा, आणि येणारे उत्तर आपल्या गावाच्या पारावर, जत्रेच्या दिवशी, फळ्यावर मांडून दाखवावे. ज्याच्या डोळ्यांदेखत रुपयाचे साठ पैसे होताना दिसतील, त्याचा हात खिशाकडे जाताना निदान एकदा तरी थबकेल. नळाने रथ थांबविला, तेवढी उसंत आमच्या तरुणांनीही घ्यावी. आधी मोजून पाहावे. मग खेळावेसे वाटते का, ते आपल्याच मनाला विचारावे.