पोट भरले, तरी मन उपाशी का?

आपल्या वस्त्यांत आरोग्य म्हटले की बोलणे साखर, बीपी आणि डेंग्यूपाशी थांबते. मनाचा विषय निघाला की 'भरल्या पोटाचे चोचले' म्हणून तो हसण्यावारी नेतात. आम्हाला हे मान्य नाही. आपला इतिहासही तसे सांगत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्यावर गेली. ती तहानेने व्याकूळ होऊन गेली नव्हती. ते पाणी प्यायल्यावाचून आपण मरत नाही, हे बाबासाहेबांनीच डिसेंबरच्या परिषदेत स्पष्ट केले. आपणही माणसे आहोत, हे दाखवायला ती माणसे गेली होती. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. पुढे गावोगावी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तेव्हा बहिष्कार सोसला.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली माणसाच्या गरजांची उतरंड मांडली: आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान. हा क्रम पक्का नसतो, हेही त्यांनी मान्य केले होते. आपल्या आजा-पणजांनी तर अर्ध्या पोटी मानाची पायरी चढून दाखवली.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या संशोधकांनी मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत. आपल्या आयुष्याचे निर्णय आपल्याला घेता यावेत. आपल्याला काहीतरी जमते, याची खात्री असावी. आणि आपले म्हणणारे कुणीतरी असावे. जेवण मिळाले नाही तर शरीर खंगते. या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत तर मन खंगते.

आता गास-सोपारा पट्ट्यातल्या कंत्राटी कामगाराकडे पाहा. पहाटेच्या गर्दीत लोकल पकडायची, दिवसभर मुकादमाचा हुकूम ऐकायचा, रात्री घरी यावे तर मुले झोपलेली. तिन्ही गरजा कोरड्या. मग बाटली हाती येते. आम्ही दारूचे समर्थन करत नाही. पंचशीलाचे पाचवे शील आपण रोज म्हणतो. पण चारचौघांत शिव्या घालून दारू सुटत नाही. आधीच मान मिळत नाही, त्याचा आणखी अपमान होतो, एवढेच.

मुलांचेही तसेच. 'नव्वद टक्के आण, मोबाईल घेऊन देतो' असे आपण म्हणतो. डेसी यांनी १९७१ साली प्रयोग करून पाहिले. आवडीने कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे देऊ केले आणि मग ते बंद केले, तेव्हा त्यांची गोडी कमी झालेली दिसली. मुलाला बक्षिसापेक्षा 'हे गणित तू कसे सोडवलेस, मला सांग' हे वाक्य जास्त पुरते. सुनेला घरखर्चात विचारणे, आजोबांना विहारात वंदना घ्यायला सांगणे, हेही औषधच आहे.

सोपाऱ्यात १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात राजा सांगतो की शिकारीच्या सहली सोडून त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत तो वृद्धांना भेटे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोले. भेटून विचारपूस करणे हे राजालाही मोठे काम वाटले. आपल्या विहारांना ते अवघड का व्हावे?

दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एकमेकांचे ऐकायला ठेवावा, असे आमचे म्हणणे आहे. या आठवड्यात कोण दिसले नाही? कुणाचे काम सुटले? कोण गप्प झाले? त्याच्या घरी दोघांनी जावे, उपदेश न करता बसावे. कुणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

यामुळे पाणी, पगार आणि पक्क्या नोकरीची लढाई संपत नाही. पण ती लढायला माणूस आतून उभा असावा लागतो. महाडला गेलेली माणसे तशी उभी होती, कारण शेजारी आपली माणसे होती.

जयभीम, नमो बुद्धाय.