जुना संगणक टाकण्यापूर्वी

घरातील शिवणयंत्र तीस वर्षे चालले तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. संगणकाला मात्र एवढे आयुष्य क्वचितच लाभते. पुष्कळदा त्याचे सर्व भाग शाबूत असतात. कालबाह्य झालेली असते ती त्याची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित पाठिंबा थांबवला. पुढच्या 'विंडोज ११'साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. ज्यांत हे नाही, असे कितीतरी चालते संगणक त्या दिवसापासून जुन्यांत जमा झाले. त्यांना थेट भंगारात काढणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय. त्याआधी निदान एक पेनड्राइव्ह लावून पाहावा.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. हा गाभा मुक्त असल्यामुळे त्याभोवती उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. त्या विनामूल्य मिळतात आणि त्यांची प्रत मित्राला देणे हा गुन्हा ठरत नाही. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर याने २००० साली 'क्नॉपिक्स' ही प्रणाली सीडीवरून चालवून दाखवली. पुढे सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली.

एरवी संगणक हार्ड डिस्कवरून सुरू होतो. सुरू होतानाच ठरावीक कळ दाबून (ती प्रत्येक कंपनीची निराळी!) त्याला पेनड्राइव्हवरून सुरू होण्यास सांगता येते. मग लिनक्स रॅममध्ये येते आणि पडदा उजळतो. हार्ड डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढला की जुनी व्यवस्था जशीच्या तशी. 'आपल्या हातून काही बिघडेल' या धास्तीने संगणकापासून दूर राहणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला ही सोय फार मोलाची आहे. मात्र पडद्यावरील 'इन्स्टॉल'चे चिन्ह चुकूनही दाबून पुढे जाऊ नये. तो मार्ग हार्ड डिस्ककडे जातो.

या पद्धतीचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. पेनड्राइव्हवर प्रणाली चढवताना त्यातील आधीची सर्व माहिती पुसली जाते. हार्ड डिस्कच्या मानाने काम बरेच संथ चालते. वेगळी तजवीज न केल्यास लिहिलेले पत्र संगणक बंद होताच नाहीसे होते. शिवाय पेनड्राइव्हवर पुनःपुन्हा लिहिण्यालाही मर्यादा असते. फार जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांची वाट तर अरुंद होत चालली आहे. २०२५ साली आलेल्या 'डेबियन १३'ने त्यांच्यासाठी स्वतंत्र आवृत्ती देणे बंद केले. एखाद्या संगणकाचे वाय-फाय किंवा प्रिंटरही लिनक्सला ओळखू येत नाही. पण हे खर्च करण्यापूर्वीच कळावे, यासाठीच तर ही परीक्षा! जो संगणक त्यात उतरेल, त्यावर पुढे लिनक्स कायमचे बसवता येते. नाही उतरला, तर गेलेली असते ती केवळ एक दुपार.

हार्ड डिस्क पूर्ण निकामी झालेला संगणकसुद्धा या मार्गाने सुरू होऊ शकतो. त्यावर इनस्क्रिप्ट कळफलकाने देवनागरीत अर्ज लिहिता येतो, हिशेबाचे तक्ते मांडता येतात. असा एखादा संगणक अनेक घरांत, शाळांत वा ग्रंथालयांत धूळ खात पडलेला असतो.