फाटलेली सीट आणि टाक्याचा दाम

एस.टी.त बसण्याआधी प्रवासी सीटवर हात फिरवून पाहतो. रेक्झिन उसवलेले, फोम बाहेर आलेला, खालचा प्लायवूड टोचणारा. तिकीट मात्र पूर्ण! (न्यायालयातील बाकांची स्थिती याहून बरी आहे, असे आमचे म्हणणे नाही.) वस्तुतः सीट एका दिवसात फाटत नाही. आधी कडेची शिलाई सुटते, तेथून पाणी व धूळ आत जाते, मग फोमचा भुगा होतो. त्याच आठवड्यात चार-सहा इंच टाके घातले तर भागते. त्याऐवजी अनेकदा चिकटपट्टी लावली जाते. ती उन्हाने सुटते आणि चिकटा प्रवाशाच्या कपड्यांना लागतो.

दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. परंतु सुटलेला टाका आगारातच पकडला गेला पाहिजे. जुने कव्हर उसवून त्याच मापाने नवे बेतणारा, कोपऱ्याला चुणी न पडू देता ते ताणून बसवणारा माणूस 'हेल्पर' कसा? तो कुशल कामगार आहे. किमान वेतनात कुशल-अकुशल असे भेद आहेत. काम कंत्राटावर दिले असेल, तर कंत्राटदाराने त्याला कोणत्या रकान्यात बसवले, हे बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने तपासलेच पाहिजे.

आणखी एक. वाहनाच्या आतील साहित्य किती वेगाने जळते, यासाठी आय.एस. १५०६१ हे मानक आहे. दुरुस्तीचा फोम व रेक्झिनही त्यात बसतात काय? निविदेत तशी अट घालावी आणि नमुना तपासल्याशिवाय माल आगारात उतरवू नये.