सोळा ट्रॅक आणि सहा माणसं

परदेशातला हौशी मराठी बँड किती दिवस टिकतो? त्यातल्या सगळ्यात कच्च्या व्हिसाइतका. हे मी गमतीने म्हणत नाहीये. एच-१बी वर असलेल्या माणसाची नोकरी गेली, की नवी शोधायला त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. शिवाय कुणाची बदली सिअ‍ॅटलला होते, कुणाला बाळ होतं, कुणी आईवडिलांसाठी पुण्याला परत जातं. सहा जणांचं टोळकं एका खोलीत सलग दोन वर्षं वाजवू शकलं, तर ते नशीबवान म्हणायचं.

बँडसाठी रेकॉर्डर घेताना मात्र हा मुद्दा कुणाच्याच डोक्यात नसतो. आमच्या न्यू जर्सीत असे बँड बरेच आहेत. दिवसा ऑफिस आणि शनिवारी रात्री कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये भावगीतापासून ब्लूजपर्यंत वाट्टेल ते. वर्गणी काढायची ठरली की एक एक्सेल शीट तयार होते आणि ती फिरत फिरत माझ्याकडे येते. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पीएच.डी. केलेल्या माणसाला फुकट सल्ला विचारायचा हक्क सगळ्यांना असतो (टीव्ही नीट दिसत नसला तरी!). त्या शीटमध्ये ट्रॅक किती, किलोहर्ट्झ किती, बिट किती, इफेक्ट किती असे सगळे रकाने असतात. ‘हे उचलून कोण नेणार?’ हा रकाना मी अजून एकाही शीटमध्ये पाहिलेला नाही.

माझं मत सरळ आहे. हौशी बँडने सगळ्यात चांगला आवाज देणारं यंत्र शोधूच नये. दर शनिवारी, दहा मिनिटांत, भांडण न होता चालू होणारं यंत्र शोधावं.

पहिला घोळ असतो ट्रॅकच्या आकड्याचा. खोक्यावर ‘१६ ट्रॅक’ असं ठळक छापलेलं असतं, पण एका वेळी किती आवाज आत घेता येतात ते बारीक अक्षरात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ मध्ये आलेला झूमचा आर-१६ घ्या. तो १६ ट्रॅक वाजवून दाखवत असे, पण एकाच वेळी मुद्रित करत असे ८. एकट्याने एकावर एक थर चढवत गाणं बांधणाऱ्याला १६ हा आकडा कामाचा. एकत्र वाजवणाऱ्या बँडला ८ हाच खरा आकडा. आता हिशोब करा: दोन गायक, हार्मोनियम, गिटार आणि कीबोर्ड यांना एकेक, तबल्याला दोन, ढोलकीला एक. सहा माणसं, आठ वायरी. म्हणजे आपली गरज आठ इनपुटची. चार इनपुटचं यंत्र स्वस्त म्हणून घेतलंत तर ढोलकीवाला कायम तबल्याच्या माइकमध्ये उसना राहणार.

दुसरा घोळ लॅपटॉपचा. ‘लॅपटॉप तर आहेच, एक इंटरफेस घेतला की झालं’ हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. पैसे वाचतात, आणि नंतरची काटछाट लॅपटॉपवरच बरी होते हेही खरं. पण तो लॅपटॉप कुणाचा? ज्याचा असेल तो त्या शनिवारी गावाला गेला, किंवा आल्या आल्या त्याच्या लॅपटॉपने अपडेट करायला घेतलं, की संध्याकाळ संपली. शिवाय तो माणूस वाजवायचं सोडून स्क्रीनकडे बघत बसतो. स्वतंत्र खोकं, एक लाल बटण आणि आत मेमरी कार्ड, यापलीकडे शनिवारच्या रात्री काही नको. काटछाट रविवारी लॅपटॉपवर खुशाल करा. अशी आठ इनपुटची खोकी आज साधारण चारशे ते सहाशे डॉलरच्या टप्प्यात मिळतात. सहा जणांत वाटली तर माणशी शंभर.

तिसरा घोळ आमच्या जातीचा, म्हणजे इंजिनिअरांचा. ९६ किलोहर्ट्झ घ्यावं की १९२? बेल लॅब्जच्या शॅननने १९४९ च्या निबंधात याचं गणित नीट मांडून ठेवलंय. जी सर्वांत उंच कंप्रता पकडायची तिच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घेतले की पुरे. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि तिशी ओलांडलेल्यांनी तर तेवढ्याचाही दावा करू नये. ४८ किलोहर्ट्झ भरपूर झाले. बिट मात्र २४ घ्या, आणि तेही वेगळ्याच कारणासाठी: आवाजाची पातळी निवांत खाली ठेवता येते. सर्वांत मोठा आवाज शून्याच्या १२ डेसिबल खाली ठेवलात तर ढोलकीच्या एखाद्या बेफाम थापेने गाणं फाटत नाही. अलीकडची ३२ बिट फ्लोटची यंत्रं ही काळजीही बरीच मिटवतात. माइकच फाटला तर मात्र त्यांच्याकडेही इलाज नाही. जागेचा हिशोब म्हणाल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ८ ट्रॅक म्हणजे तासाला साधारण ४.१ जीबी. ३२ जीबीच्या एका कार्डात सात तास बसतात. एवढे तास चहा-वडे धरूनही कुणी वाजवत नाही.

आता खोली. हा रकानाही शीटमध्ये नसतो, पण निम्मा आवाज तिचाच असतो. इथल्या घरांत छत बहुतेक आठ फुटांवर, म्हणजे २.४४ मीटर. जमीन आणि छत यांच्यामध्ये ७० हर्ट्झच्या आसपासचा स्वर अगदी मापून बसतो आणि घुमत राहतो. डग्ग्याचा घुमाराही याच परिसरातला. मग खोलीत एका जागी डग्गा ढगासारखा गडगडतो आणि दोन पावलांवर गायब होतो. जाड कार्पेटने वरचे स्वर शोषले जातात, खालचे नाही, त्यामुळे कार्पेट टाकून चाटीची धार गेली आणि गडगडाट तेवढाच राहिला, असंही होतं. यावर हजार डॉलरचं यंत्र काही करू शकत नाही. तबला खोलीच्या मधून आणि कोपऱ्यातून हलवा, माइक जवळ आणा, पुस्तकांचं भरलेलं कपाट असलेली भिंत निवडा आणि तेवढा वेळ फर्नेस बंद ठेवा. खर्च शून्य.

माइकही साधेच घ्या. श्युअरचा एसएम ५७ हा १९६५ पासून चालत आलेला डायनॅमिक माइक साधारण शंभर डॉलरला मिळतो, हातातून पडला तरी सहसा काही होत नाही, आणि जवळचं ऐकतो. कंडेन्सर माइक वरचे बारकावे छान टिपतो, पण तो बहुधा जरा लांबून लावला जातो आणि मग वरच्या मजल्यावरचा डिशवॉशरही आपल्या बँडचा सदस्य होतो.

‘पण अशाने आवाज स्टुडिओसारखा येणार नाही’ हा आक्षेप मला मान्य आहे. नाहीच येणार. यावर आमच्या राज्यातलंच एक उदाहरण. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा १९८२ चा अल्बम कोल्ट्स नेकच्या एका भाड्याच्या घरात मुद्रित झाला, एडिसनहून पाऊण तासाच्या आत पोचाल. साधन म्हणजे टीअ‍ॅकचं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र, पोर्टास्टुडिओ १४४, आणि दोन एसएम ५७. ती खरं तर बँडला ऐकवायची कच्ची मुद्रणं होती. नंतर बँडसकट स्टुडिओत प्रयत्न झाले, पण घरातली कॅसेटच सरस ठरली आणि तीच बाजारात आली. आपण कुणी स्प्रिंगस्टीन नाही हे मला ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की कॅसेट होती म्हणून निवडता आली.

उलटं उदाहरणही इथलंच. ओळखीच्या एका बँडने वर्गणीतून चोवीस ट्रॅकचा पसारा घेतला. प्रत्येकाने वेगवेगळं वाजवायचं, चूक झाली की पुन्हा. चौदा महिन्यांत दीड गाणं झालं. मग तबलजीची नोकरी गेली आणि साठ दिवसांत तो सामान विकून, तबल्याची जोडी विमानात हातात घेऊन परत गेला. त्या अर्ध्या गाण्यात त्याचा तबला यायचा होता. आज त्याचं वाजवणं उरलंय ते कुणाच्या तरी बायकोने फोनवर घेतलेल्या चाळीस सेकंदांत, आणि त्यातली वीस सेकंदं कुकरच्या शिट्टीची आहेत. फोन वाईट नाही, काहीच नसण्यापेक्षा फोन केव्हाही बरा. पण या लोकांनी चार हजार डॉलर खर्च केले होते हो!

म्हणून शेवटचा सल्ला यंत्राबद्दलचा नाही. उचलायला सोपं यंत्र घराघरांतून फिरतं, तसं त्यातलं गाणं वर्षावर्षांतूनही फिरलं पाहिजे. पोर्टास्टुडिओ १४४ ची कॅसेट दुप्पट वेगाने आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने चालायची, त्यामुळे साध्या टेपरेकॉर्डरवर ती रडत रडत वाजते. एखाद्या सॉफ्टवेअरच्या खास प्रोजेक्ट फाइलचं दहा वर्षांनी हेच होणार. साध्या वेव्ह फाइल ठेवा, नावात तारीख आणि वाजवणाऱ्यांची नावं घाला, आणि त्याच रात्री सहाही जणांना प्रत द्या. एकाच्याच डिस्कवर राहिलेलं गाणं त्या एकाबरोबरच जातं.

तेव्हा ती शीट बंद करा. आठ इनपुट, सहा साधे माइक, जास्तीच्या दोन वायरी, सगळं मिळून दोन पिशव्यांत बसेल एवढंच घ्या. कीबोर्डची वायर तशीही थेट जाते, गिटारचीही जाईल. उरलेल्या पैशांचे वडे आणा आणि या शनिवारी लाल बटण दाबा. सूर थोडा हलला तरी चालेल, सहाही जण खोलीत असताना दाबा.