निवडपत्र की पावती?

कोल्हापुरात फुटबॉल ही कुणा धनिकाची हौस नाही. तालमींनी आणि पेठांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या नावांपुढे ‘तालीम’ हा शब्द आजही लागतो आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की माणसांचा लोंढा तिकडे वळतो. अशा गावात बारा वर्षांच्या मुलाच्या नावे एखाद्या युरोपीय क्लबचे बोधचिन्ह मिरविणारे पत्र येते, ‘आपली शिबिरासाठी निवड झाली आहे’ असे त्यात लिहिलेले असते, तेव्हा घरात आनंदाबरोबर जी काळजी शिरते तिची कल्पना करणे कठीण नाही. दोन आठवड्यांचे शुल्क, विमानभाडे, व्हिसा, विमा मिळून बेरीज लाखांत जाते. बाप एस. टी. त वाहक असेल, तर ही रक्कम पतसंस्थेच्या कर्जातून किंवा आईच्या अंगावरच्या सोन्यातूनच उभी राहावयाची.

या बापाला ‘अंथरूण पाहून पाय पसर’ असे ऐकविणारे पुष्कळ भेटतात. त्यांत आपल्या चळवळीतील मंडळीही असतात, हे कबूल केले पाहिजे. गरिबाच्या मुलाने मोठे स्वप्न पाहिले की त्याला चैन म्हणावयाचे आणि हेच स्वप्न एखाद्या कारखानदाराच्या मुलाने पाहिले की त्याला जिद्द म्हणावयाचे, हा न्याय समाजवाद्यांना शोभणारा नाही. प्रश्न स्वप्नाचा नाहीच. त्या पत्राच्या मोबदल्यात नेमके काय विकले जात आहे, हा प्रश्न आहे.

मेस्सीचे उदाहरण या घरांतून हटकून दिले जाते. तेरा वर्षांचा मेस्सी २००० साली अर्जेंटिनातील रोझारियोहून बार्सिलोनाला गेला, हे खरे. परंतु पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, अठरा वर्षांखालील खेळाडूंना एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात घेण्यावर बंदी घातली. कोवळ्या मुलांचा व्यापार थांबावा हा तिचा हेतू होता. तिला मोजके अपवाद आहेत. आईबाप फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहावयास गेले, तर तो एक. युरोपीय संघातील सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना असलेली सवलत हा दुसरा. कोल्हापूरच्या मुलाला यातला दुसरा लागू नाही, आणि पहिल्यासाठी बापाला नोकरी सोडून परदेशी संसार थाटावा लागेल. ही बंदी कागदावरची नाही. ती मोडली म्हणून खुद्द बार्सिलोनालाच २०१४ मध्ये फिफाने शिक्षा केली आणि नव्या खेळाडूंची खरेदी काही काळ रोखली.

तात्पर्य असे की, शिबिरात मुलगा कितीही चमकला तरी तो क्लब त्याला ठेवून घेऊ शकत नाही. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला मिळते त्या पत्राला निवडपत्र म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. ती पावती होय. पदरी शिल्लक असेल आणि मुलाला परमुलूख, हिरवळीची मैदाने, वेगळी शिकवण्याची रीत पाहावयाची असेल, तर त्याने अवश्य जावे. सहलीचा आनंद काही खोटा नसतो. मात्र तेथे शिकविणार कोण, क्लबचे स्वतःचे प्रशिक्षक की नाव भाड्याने घेतलेली कंपनी, आणि मुलगा आजारी पडल्यास जबाबदारी कुणाची, हे लेखी मागावे. कर्ज काढून मात्र पाठवू नये. त्या कर्जाचे ओझे हप्त्यांच्या रूपाने बापावर आणि अपेक्षेच्या रूपाने मुलावर पडते, आणि दुसरे ओझे अधिक क्रूर असते.

खेळाडू प्रत्यक्षात कसे घडतात, हे दूर जाऊन पाहावे लागत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्यात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून आला होता. २०१९ मध्ये तो इंग्लंडला ब्लॅकबर्न क्लबकडे प्रशिक्षणास गेला, पण तो विश्वचषक खेळून झाल्यावर! क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्र शासनाने म्युनिकच्या बायर्न क्लबशी करार करून चौदा वर्षांखालील मुलांची स्पर्धा घेतली, तीत निवडलेल्या वीस मुलांसाठी जर्मनीतील प्रशिक्षणाची तरतूद होती. त्या योजनेत उणिवा असतील. परंतु तेथे निवड खेळावर होती, खिशावर नव्हती.

मग वीसच का? आणि उरलेल्यांनी खेळावे कोठे? शाळेला क्रीडांगण असलेच पाहिजे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते. प्रत्यक्षात गावोगावच्या कित्येक शाळांची मुले रस्त्यावर खेळतात आणि पालिकांची राखीव मैदाने लग्नसमारंभांना, प्रदर्शनांना भाड्याने जातात. परदेशी शिबिरांचा बाजार या पोकळीतच फोफावला आहे. तेव्हा त्या वाहकाच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने नकाराचा सल्ला देऊन परत फिरू नये. प्रभागातील मैदानाचे आरक्षण कोणते, त्यावर आज काय उभे आहे आणि वर्षातले किती दिवस ते मुलांच्या वाट्याला येते, याची नोंद पालिकेतून काढावी आणि ती घेऊन पुन्हा त्याच घरी जावे.