कॅसेट घरात आहे, वाजवायचे यंत्र नाही

मुंबईतल्या काळा घोडा भागातले ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झाले. १९४० च्या दशकात सुरू झालेले हे दुकान. तिथे गिऱ्हाईक आधी ऐकायचे आणि मग विकत घ्यायचे. दुकान बंद झाले तेव्हा वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले. उंची टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर विकणारी दुकानेही अशीच कमी होत चालली आहेत. जी उरली त्यांत जाणारी माणसे बहुतेक पन्नाशी-साठीची.

जळकोटच्या माणसाला यावर प्रश्न पडेल, की लाखालाखाच्या स्पीकरशी आपला संबंध काय? आमच्याकडे असे दुकान कधी नव्हतेच. तरी संबंध आहे, आणि तो फक्त श्रीमंतांच्या शौकापुरता नाही.

आधी कारणे पाहू. मोबाईल आला आणि गाणे खिशात आले, हे पहिले कारण. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. गिऱ्हाईक दुकानात बसून तासभर ऐकते आणि माल इंटरनेटवरून मागवते. दुकानदाराने त्या तासाचे भाडे कुठून काढायचे? तिसरे कारण शौकीन लोक स्वतःच आहेत. तार कोणती, सुई कोणती, कंपनी कोणती, यावर ते इतके बोलतात की नव्या पोराला दारातच परके वाटते. आवाजाची गोडी लावायची सोडून किमतीचा धाक घातला. असा शौक पुढच्या पिढीकडे जात नाही.

काही लोक म्हणतात, घाबरू नका, रेकॉर्ड परत येत आहेत. ते खोटे नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, आणि १९८७ नंतर हे पहिल्यांदाच घडले. ‘टेक्निक्स’ हे नाव कंपनीने २०१० मध्ये गुंडाळले होते, तेही २०१४ मध्ये पुन्हा बाजारात आणले. पण ही परत येणारी वस्तू नवी आहे, पैसेवाल्यांसाठी आहे. आमच्या कपाटातल्या कॅसेटला त्याने वाचा फुटत नाही.

आमच्या भागात आवाज रेकॉर्डवरून कमी आणि कॅसेटवरून जास्त आला. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे आणि अझीझ नाझाँ एकाच टपरीवर शेजारी-शेजारी विकले जाऊ लागले. ते आवाज कुठे ना कुठे टिकतील, कारण त्यांच्या हजारो प्रती निघाल्या. पण कोऱ्या कॅसेटवर घरीच जे भरले, त्याचे काय? उर्सातली कव्वाली, गावातला मुशायरा, एखाद्या मौलानांचे बयान, लग्नातली ढोलकीवरची बायकांची गाणी, आखातात कमवायला गेलेल्या मुलाला पत्राऐवजी पाठवलेला आईचा आवाज. याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून मला यातली भाषा जास्त टोचते. आमच्या घरातली दखनी पुस्तकात फारशी सापडत नाही. ‘नक्को’, ‘कायकू’, ‘हौ’ एवढ्यावर लोक हसतात आणि तीच दखनी समजतात. तिची खरी चाल, मराठी-तेलुगू-कन्नडच्या शेजाराने आलेला तिचा हेल, हे सगळे कानानेच कळते. ती बोलणाऱ्या आजी आता गेल्या. त्यांचा आवाज असलाच तर त्या फितीवर आहे.

इथे मोठ्या शहरातल्या दुकानाशी आपले नाते जुळते. शहरातला शौकीन नवे यंत्र घ्यायचा आणि त्याचा जुना डेक जुन्या बाजारातून तालुक्याच्या गावी यायचा. पट्टा, हेड, मोटर याच वाटेने मिळायचे. वरची वाट आटली की खालचा मेकॅनिकही मोबाईलची काच बदलायला बसतो. रबराचा पट्टा वापरला नाही तरी सैल पडतो आणि फितीला दमट कपाटात बुरशी धरते. म्हणजे कॅसेट आणि यंत्र दोन्ही एकाच वेळी मरत आहेत, आणि दुरुस्ती जाणणारा माणूसही म्हातारा होतो आहे.

ज्यांनी जपले त्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९९० मध्ये मुंबईत जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक संस्था उभी राहिली, ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’. ही माणसे चोरबाजारात फिरली, ७८ च्या तबकड्या गोळा केल्या, त्यांच्या याद्या केल्या आणि लोकांना बसवून ऐकवल्या. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले. त्यांचा आवाज आज मोबाईलवर मिळतो, तो अशा जपणाऱ्यांमुळे. शौकिनाला वेडा म्हणणे सोपे असते. पण त्याच्या वेडावर पुढची पिढी फुकट ऐकते.

आपल्याला लाखाचा स्पीकर नको. एक चालू कॅसेट प्लेअर, एक तार आणि एक संगणक पुरतो. बुरशी आलेली फीत मात्र तशीच लावू नका, आधी जाणकाराला दाखवा. आवाज उतरवताना मूळ प्रत न दाबलेल्या फाईलमध्ये ठेवा, एमपीथ्री नंतर वाटायला काढा. आणि कोण बोलतो आहे, कोणते गाव, अंदाजे कोणते साल, हे लिहून ठेवा. नाव नसलेला आवाज नातवाला अनोळखीच राहतो.

हे काम शाळा करू शकते. नववी-दहावीच्या मुलांना मोबाईलचे सगळे कळते आणि आजोबांना आवाज ओळखता येतो. दोघांना एका बाकावर बसवले की काम सुरू होते. गावातल्या वाचनालयाने एक कपाट द्यावे, मशिदीच्या आणि दर्ग्याच्या कमिटीने आपल्या पेट्या उघडाव्यात. घरात संगीत नको असे मानणाऱ्यांनीही पेटी भंगारात देण्याआधी थांबावे. तिच्यात नात असेल, बयान असेल, आपल्याच वडिलांचा आवाज असेल.

दुकाने बंद होणे आपल्या हातात नव्हते. पेटी भंगारवाल्याला द्यायची की नाही, एवढे मात्र आहे. आणि तो दर आठवड्याला गल्लीत येतो.