कार्बन क्रेडिटच्या कागदावर सही करण्याआधी

कार्बन क्रेडिटवाले सध्या गावोगाव फिरतायत. पाचट जाळू नका, नांगरट कमी करा, रानात इतका कर्ब साठेल, त्याचे इतके पैसे मिळतील. पाचट जाळू नका हे आपणही दरवर्षी ओरडून सांगतो. प्रश्न आहे तो "इतका कर्ब" या आकड्याचा. तो बऱ्याचदा आपली माती तपासून नाही, तर कॉम्प्युटरच्या मॉडेलमधून आलेला असतो.

मॉडेल म्हणजे थोतांड नव्हे. 'रॉथ-सी' हे मॉडेल इंग्लंडच्या रॉथम्स्टेड केंद्रातलं. तिथं १८४३ पासून गव्हाच्या एकाच रानात खतांचे प्रयोग चालू आहेत. पण मुलूख थंड, वर्षाची सरासरी साधारण ९ अंश. तिथला कुजण्याचा वेग १ धरला, तर त्याच मॉडेलच्या सूत्रानं २६ अंशाला तो जवळपास ४ होतो! माती कोरडी असली की वेग मंदावतो, हेही मॉडेल धरतं. म्हणजे जिरायत बाजरीचं गणित वेगळं, आणि मुळा-प्रवरेच्या पाटपाण्यावरच्या उसाचं वेगळं. उसात ऊनही आणि ओलही, कर्ब भराभर उडतो. दोघांना तालुक्याच्या सरासरीवरून सारखाच आकडा कुणी देत असेल तर तो मानू नका.

दुसरं नत्राचं. पाचटात कर्ब भरपूर, नत्र नावाला. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढतात, खोडवा पिवळा पडतो, मग लोक पाचटाला नावं ठेवून पुन्हा काडी लावतात. म्हणून टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. एवढंच. पाणी तुंबलेल्या काळ्या रानात जादा युरियाचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा. रॉथ-सी फक्त कर्ब मोजतं. मग युरियाची वजाबाकी कोण करणार, कशी करणार, हे त्यांना विचाराच.

करार करूच नका असं माझं म्हणणं नाही. पण मॉडेल आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या प्रयोगांवर पडताळलंय का, ते कागदावर दाखवा म्हणा. पहिल्याच वर्षी तुमच्या गटातून ३० सेंटीमीटर खोलीपर्यंतचे नमुने घ्यायला लावा आणि रिपोर्टची एक प्रत स्वतःकडे ठेवा. आपली बरीच रानं चुनखडीची. रिपोर्टात 'एकूण कर्ब' असेल तर त्यात चुन्यातलाही येतो, 'सेंद्रिय कर्ब' हाच शब्द बघा. करार किती वर्षांचा, मधेच खोडवा मोडून रान नांगरलं तर पैसे परत द्यायचे का, हे मराठीत लिहून घ्या. कागद आला की सहीआधी ऑफिसला आणा, सोबत बसून वाचू.